आईच्या वाट्याचं पाणी

बारावीच्या वर्गाला पाण्याचा रेणू शिकवताना मी स्वतःच रेणू होऊन उभी राहते. दोन्ही हात खांद्यापासून तिरके खाली पसरायचे, मुठी वळायच्या, मधे डोकं. डोकं म्हणजे ऑक्सिजन, मुठी म्हणजे दोन हायड्रोजन. पोरं हसतात, पण कोन लक्षात राहतो. पुस्तकं इंग्रजीत आहेत, कॉलेज दादरला आहे आणि पोरं घोडपदेव, भोईवाडा, करी रोडची. त्यामुळे फळ्यावर इंग्रजी आणि तोंडात मराठी असा आमचा कारभार चालतो. मी त्यांना सांगते, ऑक्सिजन हावरट आहे. बंधातले इलेक्ट्रॉन दोघांच्या मालकीचे, पण हा ते सतत स्वतःकडे ओढून बसतो. म्हणून त्याच्या बाजूला थोडा ऋण भार येतो आणि हायड्रोजन बिचारे थोडे धन होऊन उघडे पडतात. मग असा उघडा पडलेला हायड्रोजन शेजारच्या रेणूतल्या ऑक्सिजनला जाऊन चिकटतो. तो हायड्रोजन बंध. तो काही जन्माचा नसतो, डोळ्याची पापणी लवायच्या आत असंख्य वेळा तुटतो आणि दुसऱ्या कुणाशी जुळतो. पण एक तुटेपर्यंत दुसरा जुळलेला असतो, आणि एवढ्या एका गोष्टीवर पाणी पाणी राहतं. नाहीतर इतक्या हलक्या रेणूची या मुंबईच्या उकाड्यात केव्हाच वाफ झाली असती.

हे मी इतकी वर्षं शिकवलं. पाणी मला पाठ आहे असं मी समजत होते.

आईच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या तेव्हाही माझा तोच तोरा होता. डायलिसिस म्हणजे शेवटी एक पडदा आणि त्यातून आरपार जाणारे रेणू, यात मला न कळण्यासारखं काय आहे? परळला एका ट्रस्टचं सेंटर आहे. तिथे आईची मंगळवार, गुरुवार, शनिवार सकाळची वेळ ठरली. आई त्याला पहिली पाळी म्हणायची, कारण बाबा गिरणीत होते आणि आमच्या घरात सकाळी लवकर बाहेर पडायचं ते पाळीसाठीच. मी तिला टॅक्सीने सोडायचे, कॉलेजला जायचे, दुपारी परत आणायचे. आम्ही दोघीच होतो. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली, मी लग्न केलं नाही, भावंड मला नाही.

डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की औषधं, पथ्य सगळं ठीक आहे, पण खरा शत्रू पाणी. आईला लघवी जवळजवळ होतच नव्हती. आत गेलेल्या पाण्याला बाहेर यायला मशीनशिवाय वाट नव्हती. दोन पाळ्यांच्या मधे जे प्याल ते अंगात साठणार, आधी पायावर सूज, मग धाप, आणि अति झालं तर फुफ्फुसात पाणी. म्हणून रोज सकाळी एक बाटली भरायची. दिवसभराचं सगळं त्यातलंच. चहाचं पाणी त्यातलं, गोळ्यांचं त्यातलं, पेजेत आणि सारात जातं तेही त्यातलं. पेज पाहिली की आईला ती अन्न वाटायची, तिला मी परत परत सांगायचे, आई, भात गाळून काढ आणि बघ काय उरतं. ती म्हणायची, तुझ्या कॉलेजात गाळ.

आता हे सांगायला हवं की आई म्हणजे पाण्याची बाई. लालबागच्या आमच्या चाळीत पहाटे नळ यायचा, आणि मजल्यावर कुणी कधी किती भरायचं हे तिच्या शब्दावर चालायचं. पिंप, हंडे, कळश्या, सगळ्यांच्या तोंडाला धुतलेलं फडकं बांधलेलं. गढूळ आलं तर तुरटी फिरवून निवळायला ठेवायची. महापालिकेने कपात जाहीर केली की आदल्या दिवशी घरातला चहाचा कपसुद्धा भरलेला असायचा. दारात कुणीही येवो, आधी तांब्या-भांडं, मग तू कोण, कशाला आलास. तो तांब्या पितळेचा होता, तिच्या माहेरचा, मालवणकडचा. ती स्वतः भांड्याने कधी प्यायली नाही. मान मागे टाकून, तांब्या वर धरून, धार थेट घशात. गळ्याची घाटी वरखाली होताना मी लहानपणी बघत बसायचे.

चाळ पाडली, टॉवर झाला, आम्हाला एकोणिसाव्या मजल्यावर जागा मिळाली आणि नळाला दिवसभर पाणी आलं. सुरुवातीला ती नुसतीच नळ सोडायची आणि बंद करायची. पुढच्या दोन वर्षांत किडन्या गेल्या. देव आहे की नाही हे मला माहीत नाही, पण असला तर तो अत्यंत हलकट आहे असं मी त्या दिवसांत कॉलेजच्या स्टाफरूममध्ये मोठ्याने म्हणाले होते, आणि कुणी मला अडवलं नाही.

तहान काय असते ते मी तेव्हा बघितलं. तिची जीभ टाळ्याला चिकटायची आणि बोलताना टच असा आवाज यायचा. ओठांना चिरा पडल्या. ती टीव्हीवर जाहिरात लागली की मान फिरवायची, कारण प्रत्येक जाहिरातीत कुणीतरी काहीतरी पीत असतं. मी लिंबाची फोड चोखायला द्यायचे, बर्फाचा बारीक खडा द्यायचे आणि तोही बाटलीतून वजा करायचे. बर्फ पाण्यापेक्षा जास्त जागा का व्यापतो हे तिला एकदा समजावलं. गोठताना रेणू एकमेकांना हाताच्या अंतरावर धरून उभे राहतात, मधे पोकळी राहते, म्हणून बर्फ हलका आणि म्हणून तो तरंगतो. खडा दिसतो मोठा पण त्यात पाणी कमी. तिने खडा तोंडात फिरवत सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली की म्हणजे यातही फसवणूकच.

मीठही गेलं. मीठ पाण्याला धरून ठेवतं. सोडियमच्या प्रत्येक कणाभोवती पाण्याचे रेणू आपली ऋण बाजू आत करून कोंडाळं करतात, आणि जिथे मीठ राहील तिथे पाणी राहतं. मालवणच्या बाईला सुकट, खारा बांगडा आणि लोणचं तोडायला सांगणं म्हणजे काय ते मालवणीच जाणे. तिने तेही तोडलं. शेजारच्या काकू आमच्या जुन्या चाळीतल्याच, आमच्याबरोबरच या मजल्यावर आल्या. आजाऱ्याला बघायला जाताना शहाळं न्यायचं, एवढंच त्यांना ठाऊक. शहाळ्यात पाण्याबरोबर पोटॅशियम असतं आणि किडनी नसलेल्या माणसाचं हृदय ते थांबवू शकतं, हे मी त्यांना दारातच इतक्या तावातावाने सांगितलं की त्या शहाळं घेऊन तशाच परत फिरल्या. आई मला रागावली. पाणी घेऊन आलेल्या माणसाला आपण दारातून घालवलं, असं तिने ते धरलं.

तरी वजन वाढायचं. सेंटरमध्ये मशीनला लावायच्या आधी काट्यावर उभं करतात. गेल्या वेळी उतरताना किती होतं आणि आज किती, यातला फरक म्हणजे अंगातलं पाणी, दुसरं काही नाही. गुरुवारी आणि शनिवारी आईचा काटा छान असायचा, इतका की तिथली मुलगी म्हणायची मावशी, तुमच्यासारखं पथ्य कुणी करत नाही. मीही म्हणायचे, शाब्बास. मंगळवारी मात्र काटा उडी मारायचा. शनिवार ते मंगळवार अंतर जास्त, त्यामुळे सगळ्यांचाच मंगळवार वाईट असतो, म्हणून आधी कुणी फार मनावर घेतलं नाही. मग एका मंगळवारी डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले की इतकं पाणी कुठून येतंय ते शोधा, तिचं हृदय थकलंय, हे असंच चाललं तर एक दिवस ती सेंटरपर्यंत पोचणार नाही.

तेव्हापासून मी घाबरले. घाबरले की मला राग येतो. मी वस्तुमानाच्या अक्षय्यतेचा नियम शिकवणारी बाई, पाणी हवेतून येत नाही हे मला कळत होतं. मी पाण्याच्या फिल्टरची तोटी काढून ठेवली. फ्रिजमधल्या बाटल्या काकूंकडे नेऊन दिल्या. तिचा तांब्या माळ्यावर टाकला, कारण तो समोर दिसला की तिची नजर त्यावरच खिळायची. आंघोळीला ती आत गेली की मी दाराला कान लावून उभी राहायचे, पाणी अंगावर पडतंय की तोंडात जातंय याचा अंदाज घेत. एकदा तिने दार उघडलं आणि मी तशीच सापडले. ती माझ्याकडे बघून पदराने कान पुसत निघून गेली. आपल्याच आईवर पाळत ठेवणारी मुलगी तिने पोसली होती, आणि मला त्याची लाज वाटायलाही वेळ नव्हता.

बाटली तर रोज तिच्या उशाशी असायची आणि रोज झोपताना रिकामी असायची. जितकं दिलं तितकंच संपत होतं. मग वरचं पाणी यायचं कुठून?

तो रविवार. मी सकाळी मासळी आणायला बाजारात गेले होते, आई सुरमईची एक तुकडी खायची आणि त्याच्यावर आठवडा काढायची. परत आले तेव्हा ती खिडकीपाशी खुर्चीत बसली होती आणि तिच्या चेहऱ्यावर मी कित्येक महिन्यांत न पाहिलेलं समाधान होतं. जेवली चांगली. दुपारी मी पोरांच्या प्रॅक्टिकलच्या वह्या तपासत होते, तेवढ्यात आतून खोकला ऐकू आला. आई पलंगावर उठून बसली होती, दोन्ही हात गादीवर रोवून. आडवं होता येत नव्हतं. श्वासाबरोबर आत काहीतरी बुडबुडत होतं, आणि ओठांच्या कोपऱ्यात गुलाबी फेस आला होता. तो फेस काय असतो हे मला डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. ती कोरड्या खोलीत, एकोणिसाव्या मजल्यावर, बुडत होती.

काकू धावत आल्या. ज्यांना मी दारातून हाकललं होतं त्यांनीच आईला पाठीशी धरलं, मी खुर्चीसकट तिला लिफ्टपर्यंत ओढत नेलं. टॅक्सीत ती माझ्या मनगटाला धरून होती आणि मी मूर्खासारखी सारखी एकच गोष्ट म्हणत होते, आई, बसून राहा, बसून राहा. परळ जवळच आहे. तेवढा रस्ता मला आजही पुरा आठवत नाही.

मशीनने पाणी ओढून काढलं. संध्याकाळपर्यंत तिचा श्वास जाग्यावर आला, पण तिला आयसीयूतच ठेवलं. डॉक्टर माझ्यावर चिडले होते, आणि मला ते बरं वाटलं, कुणीतरी चिडायलाच हवं होतं. त्यांनी विचारलं, एका वेळी एवढं पाणी तिला दिलं कुणी? मी म्हणाले, कुणीच नाही.

कपडे आणायला घरी गेले. तिच्या पलंगाखाली जुनी ट्रंक आहे, तिच्यात तिच्या नऊवारी असतात. साडी काढायला ट्रंक ओढली तर मागे काहीतरी घसरलं. स्टीलची कळशी. तोंडाला धुतलेलं पांढरं फडकं, सुतळीने गच्च बांधलेलं, वर उपडी ताटली. चाळीत बांधायची तसंच. मी सोडून बघितलं, तळाशी थोडं पाणी उरलं होतं, निवळशंख, आणि त्यात तुरटीचा खडा.

मी तिथेच फरशीवर बसले. मला सगळं एकदम कळलं. बाटली रोज रिकामी व्हायची, पण तिच्या पोटात नाही. गुरुवार, शनिवारचा काटा म्हणून इतका चांगला. दिवसभर ती जीभ चावत काढायची आणि आपल्या वाट्याचं अर्धं पाणी या कळशीत साठवायची. शिळं होऊ नये म्हणून तुरटी. तुरटीतलं ॲल्युमिनियमसुद्धा तिच्या अंगातून बाहेर पडत नाही, हे तिला सांगायचं मला कधी सुचलंच नव्हतं, कारण तुरटीचा आणि आमचा संबंध चाळीबरोबर सुटला असं मी धरून चालले होते. आणि रविवारी मी बाजारात गेले की सगळं एकदम.

दोन दिवसांनी तिचा मास्क काढला तेव्हा मी तिला विचारलं. ओरडायचं नाही असं ठरवून गेले होते, तरी आवाज चढलाच. तिला राग आला नाही. तिला आपलं काय चुकलंय तेच कळत नव्हतं. तिच्या लेखी ती सरळ वागली होती.

"मी जास्त पिऊक नाय गो," ती म्हणाली. "माझाच होता ता. माझ्या वाट्याचा. एकदा तरी घटाघटा पिऊचा होता."

बेरीज तिची बरोबर होती. मी तिला समजावायला लागले की शरीर म्हणजे पिंप नव्हे, कालचं शिल्लक उद्याला चालत नाही. मशीन त्या त्या दिवशी अंगात असेल तेवढंच काढतं, तू न प्यायलेलं पाणी त्याच्या हिशेबात येत नाही, आणि मशीन नसलेल्या दिवशी तू सगळं एकदम ओतलंस तर ते जाणार कुठे? ती म्हणाली, शनिवारनंतर मंगळवारपर्यंत मशीन नाही म्हणजे कपातच ना. कपातीच्या आधी भरून ठेवतात. आयुष्यभर पाणी वाचवायला शिकलेल्या बाईला मी पाण्यापासून वाचवायला निघाले होते, आणि मला दोन्हीतलं काही जमत नव्हतं.

नर्सने कापसाचा बोळा ओला करून ओठांवरून फिरवायची परवानगी दिली होती. बोळा पाण्याला टेकवला की पाणी आपोआप वर चढतं. कापसाच्या तंतूला पाणी धरायला असंख्य जागा असतात, रेणू एकमेकांना ओढत वर जातात. बाबा सूतखात्यात होते, तिथे हवेत पाण्याचा फवारा सोडायचे, ओलसर हवेत सूत तुटत नाही म्हणून. ते घरी यायचे तेव्हा त्यांच्या सदऱ्याला दमट वास असायचा. मी बोळा आईच्या ओठांवर ठेवला आणि तिने तो दातांत पकडला. मी ओढला, तिने सोडला नाही. शेवटी नर्सने येऊन सोडवला.

घरी आल्यावर बाटली निम्मी झाली. डॉक्टरांचं म्हणणं, हृदयाने मोठा मार खाल्लाय, आता पाणी एकदम काढलं तर तिचं बीपी कोसळतं, हळूहळू काढायचं तर जास्त पाळ्या लागतात. आता आठवड्यातून चारदा. मशीनवर तिला गोळे यायचे पायांना, तिथून आली की ती संध्याकाळपर्यंत भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. डॉक्टर एकदा बाहेर मला म्हणाले की या वयात, या अवस्थेत, काही घरं मशीन थांबवायचं ठरवतात. मग पथ्य राहत नाही, त्रास कमी व्हावा म्हणून औषधं देतात. मी त्यांना पुढे बोलू दिलं नाही. मी म्हणाले, तुम्ही तुमचं काम करा. ते बिचारे आत निघून गेले.

पण सेंटरमध्ये बायका शेजारच्या पलंगावरून एकमेकींशी बोलत असतात. तिला ते तिथे कळलं असणार.

एका सकाळी मी बाटली भरत होते, खुणेपर्यंत, डोळा खुणेच्या पातळीला आणून. प्रयोगशाळेत पोरांना शिकवते तसं. पाण्याची कड नळीत वक्र दिसते, खालच्या टोकाशी वाचायची. आई ओट्यापाशी स्टुलावर बसली होती.

"मशीन बंद केल्यार पाणी पिऊक गावतला काय गो?" तिने विचारलं.

मला ऐकूच आलं नाही असं मी दाखवलं. तिने परत विचारलं नाही, नुसती बघत बसली. मी नळ बंद केला. पाण्याबद्दल मी आजवर कुणाला खोटं सांगितलेलं नाही, पोरांना नाही, तिलाही नाही, आणि त्या क्षणी मला खोटं बोलता आलं असतं तर मी बोलले असते. पण तिने तिचा प्रश्न मला विचारला होता, कारण मी पाण्याची मास्तरीण.

"हो," मी म्हणाले. "पण मग थोडेच दिवस, आई."

"होया तेवढा?"

"हवं तेवढं."

मी पाठ करून उभी होते, कारण माझं तोंड वाकडं झालं होतं. मग ती माझ्या कॉलेजबद्दल विचारायला लागली. बारावीची परीक्षा कधी, केमिस्ट्रीचा पेपर कितवा, पोरांचं सगळं शिकवून झालं का. मला वाटलं, विषय बदलला.

"तुज्या पोरांची परीक्षा होवंदे," ती म्हणाली. "मगे बघया."

तेव्हा मला कळलं की तिने ठरवलं आहे, आणि तारीख माझ्या सोयीने लावली आहे. माझी घाई असते, वर्ग असतात, पेपर असतात, अशा दिवसांत आजारी पडून मुलीला त्रास द्यायचा नाही, एवढाच त्यातला अर्थ. तोपर्यंत दर पाळीला ती माझ्याआधी चप्पल घालून लिफ्टपाशी उभी राहायची. मी भांडले. मी रडले. काकूंना मधे घातलं, काकू आईशी बोलायला म्हणून आत गेल्या आणि डोळे पुसत बाहेर आल्या, मला म्हणाल्या, तिला तहान लागलीय गो. जसं काही मला माहीत नव्हतं.

परीक्षा मागे ढकलली जावी म्हणून देवाला हात जोडणारी माझ्यासारखी मास्तरीण दुसरी नसेल. पोरं दिवस मोजत होती, पेपर संपला की कुठे जायचं ते ठरवत होती, आणि मी त्यांच्यावर विनाकारण खेकसत होते. उजळणीत हायड्रोजन बंध आला तेव्हा एका मुलीने विचारलं, मॅडम, इतका कमजोर बंध आहे तर तो महत्त्वाचा का? मी हात पसरून रेणू होऊन उभी राहिले होते. मला उत्तर येत होतं. मी त्यांना पुस्तक वाचायला सांगितलं आणि फळ्याकडे तोंड करून उभी राहिले.

काल केमिस्ट्रीचा पेपर झाला. माझी सुपरव्हिजन होती. शेवटची घंटा झाली तेव्हा वर्गात आनंदाची आरोळी उठली, आणि मी गोळा केलेले पेपर छातीशी धरून तिथेच उभी राहिले, दुसऱ्या सरांनी ते माझ्या हातातून घेईपर्यंत.

घरी आले तर आई ओट्यापाशी बसलेली. वाटीत चिंच भिजत घातली होती. बाटलीतलं पाणी तिने चिंचेला दिलं होतं.

"माळ्यार तांब्यो आसा, तो काढ," ती म्हणाली. "आणि उद्या टॅक्सी सांगू नको."

मी खुर्चीवर चढून तांब्या काढला. काळा पडला होता, काठाखाली हिरवट झाला होता. मी चिंचेने घासायला बसले आणि ती वरून सांगत राहिली, काठाखालून घास, बुडाला घास, अजून तिथे काळं आहे. आंबटात काळा थर सुटतो आणि आतलं पितळ वर येतं. मी मुद्दाम सावकाश घासत होते. घासण्यासारखं काही उरलं नाही तरी घासत होते. माझे हात चिंचेने माखले होते आणि डोळे पुसायला हात नव्हता.

"पुरे," आई म्हणाली. "आता भर."

मी नळ सोडला. इतके महिने मी या नळाशी खुणेवर नजर ठेवून उभी राहत आले होते. आता कुठे थांबायचं ते मला कळेना. मी मागे वळून तिला विचारलं, किती?

"काठोकाठ."

मी काठोकाठ भरला. पाणी काठाच्या किंचित वर फुगून आलं आणि तरी सांडलं नाही, वरच्या थरातले रेणू एकमेकांना धरून होते. मी तो दोन्ही हातांनी धरून ओट्यापासून तिच्या स्टुलापर्यंत नेला, पाय न उचलता, श्वास रोखून. आईने पदर सावरला, मान मागे टाकली आणि दोन्ही हात पुढे केले.